हिवाळ्याची पट्टी

"रास अल खैमाला थंडी? डोंबल तुझं!" असं म्हणून वैभवी फोनवर खो खो हसायची. वैभवी ही माझी सांगलीची शाळेपासूनची मैत्रीण. ती दुबईत अल बर्शाला राहायची आणि तिच्या मते अख्ख्या देशात थंडी एकाच जागी होती, तिच्या घराजवळच्या मॉलमधल्या खोट्या बर्फात. मी म्हणायची, बाई गं, डिसेंबरातली एक संध्याकाळ इकडे उत्तरेला येऊन काढ आणि मग बोल. समोर समुद्र, पाठीशी उघडाबोडका डोंगर, आणि सूर्य बुडाला की त्या डोंगरावरून जो वारा सुटतो तो थेट हाडात शिरतो. तापमान बघायला आमच्याकडे काही यंत्र नव्हतं, खोबरेलाची बाटली होती. तिच्यातलं तेल पांढरं, घट्ट झालं की आमच्या घरात हिवाळा लागायचा. कारण माझ्या नवऱ्याची बोटं त्या तेलावर चालायची.

नवरा म्हणजे राजन, तबलजी. मी त्याला अरे-तुरेच करते, सासूबाईंना ते आजतागायत पटलेलं नाही. 'अहो' फक्त भांडताना. माझ्या तोंडून 'अहो' निघालं की तो हातातलं जे असेल ते खाली ठेवतो आणि गुपचूप समोर येऊन बसतो. एरवी त्याला भूकंप झाला तरी कळायचं नाही.

समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात तो नोकरीला होता. तिथल्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये रोज संध्याकाळी गझलांचा कार्यक्रम असायचा. उन्हाळ्यात हे लोक आत एसीत बसून वाजवायचे, ते ठीक. पण हिवाळा आला की हॉटेल भरायचं रशियन आणि जर्मन पाहुण्यांनी, आणि त्यांना हवं असायचं उघडं आकाश. मग स्टेज अंगणात, पाण्याला लागून. ते गोरे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, आणि आमची माणसं शाली पांघरून, शालीतून हात तेवढे बाहेर काढून. पाहुण्यांच्या टेबलांजवळ छत्रीसारखे गॅसचे हीटर होते. स्टेजजवळ एकही नव्हता. का, तर म्हणे फोटोत चांगलं दिसत नाही. ऐकून माझं डोकं असं फिरायचं! मी राजनला म्हणायची, तुझ्या जागी मी असते तर तबल्याची हातोडी घातली असती मॅनेजरच्या डोक्यात. तो हसायचा आणि म्हणायचा, हातोडी महाग आहे.

सकाळी मुग्धा शाळेच्या बसमध्ये बसली की हा गॅलरीत उन्हाला जाऊन बसायचा. शेजारी तबला-डग्ग्यांची सगळी बैठक मांडून. रात्रभराच्या दवाने पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडलेली असायची, तिलाही ऊन लागायचं. मी गरम पाण्याच्या पातेल्यात तेलाची वाटी ठेवायची, तेल वितळलं की त्याचं एकेक बोट घेऊन चोळून द्यायची. थंडीत बोटांची टोकं फुटायची. त्या चिरेत तेल गेलं की तो 'स्स' करायचा. "बायको माहेरी गेली की कळेल," असं मी म्हणायची. तो म्हणायचा, "म्हणून तर पाठवत नाही." असे आमचे सुखाचे दिवस. सुखाचेच होते ते, पण तेव्हा मी रोज काहीतरी तक्रार करत होते.

गाणारे होते नूरुद्दीनभाई. मूळचे औरंगाबादचे, वयाने राजनपेक्षा बरेच मोठे, पोटाने त्याहून मोठे. हॉटेलात हे दोघे एकाच वर्षी लागले आणि मुग्धाचा जन्मही त्यानंतरचा. शुक्रवारी दुपारी त्यांचं ताट आमच्याकडे ठरलेलं. हातात खजुराचा पुडा घेऊन यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "भाभी, आज वांगे पकाए क्या? नहीं पकाए तो मैं जातूँ वापस." वापस कधी गेले नाहीत. मुग्धाला मांडीवर घेऊन गायला शिकवायचे, आणि ती पोरगी त्यांना इंग्लिशमध्ये सांगायची, अंकल, युवर टमी इज अ तबला. त्यांच्या स्वतःच्या तीन मुली औरंगाबादला वाढत होत्या. त्यांना हा माणूस वर्षातून एकदा भेटायचा.

आता मुख्य गोष्ट सांगते, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. नूरुद्दीनभाईंचा आवाज थंडीत उतरायचा. एरवी ते काळी दोनमध्ये गायचे, म्हणजे पेटीची ती पट्टी त्यांचा 'सा'. पण गार वारा लागला की गळा तिथवर पोचायचा नाही, अर्धा सूर खाली, पांढरी दोनवर बसायचा. तबल्याचं कसं असतं, तो गाणाऱ्याच्या 'सा'ला लावावा लागतो. म्हणून हिवाळ्यात राजन दोन तबले घेऊन निघायचा, एक वरच्या पट्टीचा, एक खालच्या. आज कुठला, हे नूरुद्दीनभाई कधी सांगायचे नाहीत आणि राजन कधी विचारायचा नाही. हॉटेलची व्हॅन खाली आली की ते आतूनच म्हणायचे, "सलाम वालेकुम." तेवढ्या दोन शब्दांवर राजनला कळायचं गळा कुठे आहे. स्टेजवर जाईपर्यंत बरोबर तोच तबला त्याच्या पुढ्यात. इतक्या वर्षांत एकदाही चुकला नाही. मला वाटतं माझ्या आवाजाकडे त्याने इतकं लक्ष दिलं असतं तर आमची निम्मी भांडणं झाली नसती.

मग ते दोन हजार आठचं साल आलं. अमेरिकेत कुठल्याशा बँका बुडाल्या आणि आमच्या खिडकीतून दिसणारी क्रेन जागच्या जागी थांबली. पहिल्यांदा मला कळलंच नाही. वाटलं, सुट्टी असेल. मग महाराष्ट्र मंडळातली एकेक माणसं दिसेनाशी व्हायला लागली. परवा हळदीकुंकवाला आलेली बाई आज फोन उचलेना. बिल्डिंगखाली दोन गाड्या धूळ खात उभ्या होत्या, त्यांचे मालक कुठे गेले ते वॉचमन मोहिद्दीनलाही माहीत नव्हतं. तो नुसतं वर आकाशाकडे बोट दाखवायचा. म्हणजे देवाकडे गेले की विमानाने गेले, ते आपण समजून घ्यायचं.

हॉटेलात पाहुणे रोडावले. लियाकतसाहेब म्हणून कराचीचे मॅनेजर होते, माणूस वाईट नव्हता, पण वरून हुकूम आला की त्यांचा चेहरा लाकडाचा व्हायचा. नोव्हेंबरात त्यांनी कीबोर्ड वाजवणाऱ्याला घरी पाठवलं. राहिले हे दोघे. आमचं सगळं त्या एका नोकरीवर होतं. राजनच्या व्हिसावर माझा व्हिसा, त्याच्यावरच मुग्धाचा, तिची शाळा, हे घर, गॅलरीतलं ते ऊन, सगळं. नोकरी गेली की एका महिन्यात देश सोडायचा, हा तिथला नियम. मला रात्री झोप लागायची नाही. राजन घोरायचा.

आणि अशात डिसेंबरच्या सुरुवातीला सांगलीहून फोन आला, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, राजनला यायला हवं. आठवडाभराची रजा. रजा मिळाली, पण लियाकतसाहेब म्हणाले, तबल्याशिवाय कसली गझल, आठवडाभर कार्यक्रम बंद ठेवू. हे 'बंद' राजनच्या डोक्यात बसलं. हल्ली बंद झालेलं काहीच परत सुरू होत नव्हतं. मग ह्या शहाण्याला एक युक्ती सुचली.

वेदांग म्हणून आमच्या वरच्या मजल्यावर एक कॉम्प्युटरवाला मुलगा होता. त्याचा लॅपटॉप आणि माइक आणून ह्याने स्वतःचा तबला रेकॉर्ड करून ठेवला. आणि एक-दोन ठेके नव्हे हो, नूरुद्दीनभाईंच्या गझलांची अख्खी यादी! कुठे ते लांबवतात, कुठे श्वास घेतात, कुठल्या ओळीला दाद येते म्हणून थांबतात, सगळी जागा सोडून. समोर कोणी गात नसताना हा एकटा डोळे मिटून वाजवत होता आणि मध्येच मान हलवत होता, जसे काही ते समोर बसलेत.

मी दारात उभी राहून बघत होते. म्हटलं, "अहो."

त्याने हात तबल्यावरून काढले.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उद्या त्या लियाकतने हे ऐकलं की त्याला तुमची गरज काय? यंत्राला पगार नको, व्हिसा नको, जेवण नको."

"आठवडाभराचा प्रश्न आहे, अनु."

"भीड ही भिकेची बहीण असते, माझी आई म्हणायची."

"मी नूरभाईंना उघड्यावर टाकून जाऊ का? त्यांच्या तीन मुली आहेत."

"आणि तुमची एक आहे, ती काय रस्त्यावर सापडली?"

त्याने हात पुन्हा तबल्यावर ठेवले. मी आत गेल्यावर पुन्हा वाजवायला लागला. एवढं सुंदर वाजवत होता की मला आणखीच राग आला.

तो सांगलीला गेला, सासूबाईंचा डोळा उघडला आणि इकडे आमचे डोळे उघडले. राजन परत आल्यावर लियाकतसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला. "राजनभाई, खलास. ऊपर से ऑर्डर है. गेस्ट को फरक ही समझ में नहीं आया." नोकरी जानेवारीअखेर संपणार. मग त्यांनी आवाज खाली आणून आणखी एक वाक्य म्हटलं, आणि ते मी पुढे महिनाभर जपमाळेसारखं ओढत बसले. ते म्हणाले, "अभी तो ट्रायल है. नूरभाई को मशीन के साथ नहीं जमा, तो आप ही को रखना पड़ेगा, इन्शाल्ला."

म्हणजे दार बंद झालं नव्हतं, किलकिलं होतं. जानेवारी सरेपर्यंत नूरुद्दीनभाईंचं यंत्राशी फिसकटलं, तर आम्ही राहणार. नाही फिसकटलं, तर बाडबिस्तरा आवळायचा.

त्या शुक्रवारी नूरुद्दीनभाई आले नाहीत. पुढच्याही नाही. मी वांगी केली होती. ती तशीच राहिली आणि मला असा संताप आला! माझ्या हातचं मीठ खाल्लेला माणूस, साधा फोन नाही? राजनला म्हटलं, विचार त्यांना, त्यांनी आपली बाजू का घेतली नाही. राजन म्हणाला, "त्यांना लाज वाटत असेल." मी म्हटलं, "लाज वाटून तरी काय उपयोग, पोट भरतं का तिने?" त्याने नोकऱ्या शोधायला सुरुवात केली होती. सकाळी दुबईची बस पकडायची, जबल अलीच्या एका गोदामात कुणी सुपरवायझर घेतायत म्हणे, तिथे जायचं, आणि फॉर्म न भरताच परत यायचं, कारण गेटवर त्याच्यासारखीच शंभर माणसं बसलेली. गॅलरीत तबला उन्हाला ठेवणं मात्र त्याने सोडलं नाही. बोटं मी चोळतच होते.

जानेवारीत थंडीची लाट आली. डोंगरावर पांढरं दिसतंय म्हणून लोक गाड्या घेऊन बघायला निघाले, अरबी पेपरात फोटो आले, मुग्धा शाळेतून नाचत आली, "आई, रिअल स्नो!" वैभवीचाही फोन आला, बाई गं, हरले मी. माझ्या घरातली बाटली दिवसभर उन्हात ठेवली तरी पांढरीच राहिली. आणि मला एकदम आठवलं. रेकॉर्डिंग झालं होतं डिसेंबरच्या सुरुवातीला, थंडी पडायच्या आधी. सगळंच्या सगळं काळी दोनमध्ये!

मी राजनकडे बघितलं. त्याला ते आधीच कळलेलं होतं. वारा फिरल्या दिवसापासून त्याला कळलेलं होतं, आणि हा मुखदुर्बळ माणूस एक अक्षर बोलला नव्हता.

सूर्य मावळल्यावर मी त्याला ओढतच बाहेर काढलं. हॉटेलच्या अंगणाला लागून समुद्रकाठाने चालायची वाट आहे, मध्ये एक भिंत. भिंतीला टेकून आम्ही उभे राहिलो. पलीकडून तबला ऐकू आला, माझ्या नवऱ्याचा, स्वच्छ, टणक. आणि त्याच्यावर चढायला बघणारा नूरुद्दीनभाईंचा आवाज. वर जाताना तो कापडासारखा टरकत होता. मध्येच ते खोकले. तबला थांबला नाही. स्टेजवर राजन असता तर त्याने तिथे काहीतरी वाजवून खोकला झाकला असता. ते पुन्हा चुकीच्या जागी सुरू झाले, घाईघाईने तबल्याला गाठायला गेले.

राजनने भिंतीवर हात ठेवला होता. "गळा फाटेल त्यांचा," तो म्हणाला. "असे दहा-पंधरा दिवस गायले तर परत यायचा नाही."

"कॉम्प्युटरवर सूर खाली ओढता येतो म्हणे?"

"वेदांगने ओढून दिला होता त्यांना. तबला पाण्यात बुडाल्यासारखा वाजतो."

म्हणजे तो वेदांगकडे चौकशीही करून आला होता. खरं सांगते, मला आनंद झाला होता. घरी येऊन मी देवापुढे दिवा लावला आणि मागितलं, देवा, बसू दे त्यांचा गळा. पंधरा दिवस फक्त. मुद्दाम कुणाचं वाईट करत नाहीये, आपोआप होतंय ते होऊ दे. माझी मुलगी तिसरीचं वर्ष अर्धवट टाकून सांगलीच्या शाळेत मराठी अक्षरं गिरवत बसणार होती, त्याच्यापुढे मला कुणाचा गळा दिसत नव्हता.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, बेल वाजली. मुग्धाने दार उघडलं. दारात नूरुद्दीनभाई. गळ्याला मफलर, हातात खजुराचा पुडा, दाढी वाढलेली. आत येईनात. माझ्याकडे बघेनात. राजन गॅलरीतून आत आला. नूरुद्दीनभाईंनी त्याच्याकडे बघून तोंड उघडलं आणि म्हणाले, "सलाम वालेकुम."

आवाज कसला, नुसती खरखर. खवणीवर नारळ ओढावा तशी.

राजनने ते ऐकलं. मग वळला, फळीकडे गेला आणि फळीवरचा खालच्या पट्टीचा तबला काढला. व्हॅनमध्ये काढायचा तसाच, न विचारता, न बोलता.

मी अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी ओरडले, "अहो!"

लग्नानंतर पहिल्यांदा त्याने हातातलं खाली ठेवलं नाही. तबला तसाच छातीशी धरून तो म्हणाला, "अनु, वरून वेदांगचा माइक आणतेस का?"

मी नूरुद्दीनभाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. "तुम्हाला कळतंय ना, नूरभाई? तुम्ही माझं घर उचलून नेताय. हा वेडा आहे. तुम्ही तर शहाणे आहात."

"मालूम है भाभी." खाली बघत बोलले. "लियाकत साब मुझे पूछे थे. मशीन पे गाते क्या बोलके. मैं हाँ बोला. तेरे मरद का नाम भी नहीं लिया मैं." मग म्हणाले, "आज माँगने नहीं आया. माफी का बोलने आया था. ये उठ गया तो मैं क्या करूँ."

आणि तो ढेरपोट्या माणूस माझ्या दारात लहान पोरासारखा रडायला लागला. मुग्धा त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन आली. मला तिचाही राग आला. सगळे चांगले, मी एकटी वाईट! मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटायला सुरुवात केली. वेदांगकडे गेली ती मुग्धाच.

दुपारी ते वाजवायला बसले. खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत माझी जुनी साडी कोंबली. नूरुद्दीनभाई समोर बसले, आवाज न काढता नुसते ओठ हलवत होते आणि हाताने समेवर इशारा करत होते. म्हणजे राजनला त्यांचा श्वास दिसावा. मुग्धाला पलंगावर बसवून बजावलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. मी स्वयंपाकघरात. पहिला ठेका चालू झाला आणि थांबला. पुन्हा चालू झाला, पुन्हा थांबला. राजन उठून माझ्या दारापर्यंत आला. फ्रीजकडे बघितलं आणि परत गेला. तो जुना फ्रीज घुर्र घुर्र करायचा, ते माइकमध्ये येत होतं.

मी त्या फ्रीजकडे बघत राहिले. आत आठवड्याचं दूध होतं, पीठ होतं, सकाळी आणलेली मासळी होती. तो चालू राहिला तर रेकॉर्डिंग होणार नव्हतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. बाहेर नूरुद्दीनभाई खोकले, तोंडावर उशी दाबून खोकले, आणि मग मुग्धाची हळू पावलं, त्यांना पाणी नेऊन देणारी. जळलं मेलं ते! मी हात घातला आणि प्लग उपटून टाकला.

संध्याकाळपर्यंत वाजवणं चाललं. सगळी यादी, पांढरी दोनमध्ये. शेवटची सम आली, शेवटचा ठोका पडला, आणि त्याची आस, तो मागे घुमणारा नाद, विरायच्या आत मुग्धाचा आवाज आला, "बाबा, कॅन आय टॉक नाऊ?"

राजन हसला. म्हणाला, एवढं शेवटचं कापून टाकायला सांगतो वेदांगला. नूरुद्दीनभाईंनी हात वर केला. "रहने दे," एवढंच म्हणाले.

जानेवारीअखेर नोकरी गेली. ट्रायल जमलं होतं, उत्तम जमलं होतं. लियाकतसाहेबांनी निरोपाला केक कापला. मोहिद्दीनने आमच्या बॅगा खाली उतरवल्या आणि या वेळी आकाशाकडे बोट केलं नाही, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी व्हॅनमध्ये बसेपर्यंत एक टिपूस काढलं नाही. मुग्धाच्या टीचरने तिला वर्गाचा फोटो दिला होता, तो बघितला आणि मग मात्र माझा धीर सुटला.

सांगलीत राजन चुलतभावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायला लागला. खिळे, बिजागऱ्या, नळाच्या चाव्या. संध्याकाळी चार मुलं तबला शिकायला येतात, त्यातली दोन आई ढकलते म्हणून येतात. गाणाऱ्याबरोबर तो बसला नाही पुन्हा. बोलावणी आली नाहीत असं नाही. तो म्हणतो, नवीन माणसाचा श्वास समजायला आता वेळ नाही. आमची भांडणं खूप झाली त्या वर्षांत. 'अहो'ला काही किंमत राहिली नाही, इतक्या वेळा म्हटलं. त्याच्या त्या एका दुपारचा हिशेब मी दर महिन्याला मांडायची आणि तो निमूट ऐकून घ्यायचा. मी बरोबरच होते. अजूनही मला तसंच वाटतं.

यंदाच्या जानेवारीत वैभवी माहेरी आली ती मला भेटायला आली. म्हणाली, "अगं, आम्ही सुट्टीला तुमच्या रास अल खैमाला गेलो होतो, त्याच हॉटेलात. हे बघ." आणि मोबाइल पुढे केला. रात्रीचं अंगण, मागे समुद्र, शालीतले नूरुद्दीनभाई. दाढी पांढरी झालेली. एकटेच बसले होते, पण मधोमध नाही, गालिच्याच्या डाव्या बाजूला सरकून, उजवीकडची जागा मोकळी सोडून. तबला वाजत होता. आवाज भरदार लागलेला होता, कुठे टरकत नव्हता. गझल संपली, शेवटचा ठोका पडला आणि त्या इवल्याशा मोबाइलमधून माझी लेक बोलली, "बाबा, कॅन आय टॉक नाऊ?"

नूरुद्दीनभाई त्या मोकळ्या जागेकडे वळले आणि माइकमध्ये म्हणाले, "हाँ बेटा, बोलो." लोक हसले, टाळ्या वाजल्या. "रोजच करतात म्हणे ते," वैभवी म्हणाली. "लोकांना वाटतं कार्यक्रमातलंच आहे."

मुग्धा अभ्यास टाकून आली होती. "ओ माय गॉड, इज दॅट मी?" तिचा चेहरा लाल झाला. राजन दुकानातून जेवायला आलेला. त्याने मोबाइल हातात घेतला, पुन्हा पहिल्यापासून लावला, कानाशी नेला. मला वाटलं पोरीबद्दल काही म्हणेल, त्या मोकळ्या जागेबद्दल म्हणेल.

"पांढरी दोन," तो म्हणाला. "खालचाच लावतायत थंडीत. गळा राहिला त्यांचा."

माझ्या तोंडून निघालं, "अहो."

त्याने मोबाइल खाली ठेवला आणि माझ्या समोर येऊन बसला, पूर्वीसारखा, आता बोलणी खायची म्हणून. मी उठून आत गेले, फळीवरची खोबरेलाची बाटली घेतली, ती पांढरी घट्ट झालेली होती. पातेल्यात पाणी तापत ठेवलं आणि त्याला म्हटलं, "हात पुढे कर."